गोमंतकीय वैद्यकाची वाटचाल : घरच्या पोथीपासून विद्यालयापर्यंत

देवस्थानांच्या स्मरणिकांतून देवालयाचा जीर्णोद्धार, पालखी-रथांचे उत्सव, दात्यांच्या देणग्या आणि महाजन कुळांच्या स्थलांतराची कथा यांचे वर्णन आवर्जून केलेले असते, आणि ते योग्यही आहे. परंतु याच कुळांच्या इतिहासात असे एक प्रकरण आहे की, ज्याची नोंद क्वचितच घेतली जाते. ते प्रकरण म्हणजे वैद्यकाचे. गोमंतकात 'वैद्य' हे आडनाव आजही आढळते. कित्येक जुन्या घरांत माळ्यावरच्या पेटाऱ्यात लाल फडक्यात बांधलेली औषधांची एखादी पोथी असे. देवघराशेजारच्या कोनाड्यात सहाण आणि मात्रांची डबी असे. गावातील कोणीही, कोणत्याही जातीचा, अपरात्री येऊन दार ठोठावी आणि त्याला औषध मिळे. मोबदला म्हणून फार तर एखादा नारळ किंवा पायलीभर भात पुढे ठेवला जाई.

या विद्येला एक शाप मात्र होता. औषधाची कृती बाहेर सांगितली तर तिचा गुण जातो, अशी समजूत रूढ होती. त्यामुळे बाप ती थोरल्या मुलाला सांगे, आणि तीही पुष्कळदा अगदी अखेरच्या दिवसांत. मुलगा परगावी असला, अल्पवयी असला किंवा त्याला या विद्येची आवड नसली, तर चार-पाच पिढ्यांचे ज्ञान एका रात्रीत संपुष्टात येई. गोमंतकीय वैद्यांचे ज्ञान कोठे टिकले आणि कोठे लोपले, याचा शोध घेतला असता गेल्या पाच शतकांचा इतिहास फार बोधप्रद उत्तर देतो.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा शहर जिंकले आणि अल्पावधीतच तेथे आपल्या सैनिकांसाठी 'ओस्पिताल रेयाल' अर्थात राजरुग्णालय उभारले. १६०८ साली आजारी अवस्थेत गोव्यात आलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने या रुग्णालयातील व्यवस्थेची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. तथापि व्यवस्था उत्तम असली, तरी येथील हवापाणी आणि येथले रोग युरोपातील वैद्यांना अपरिचित होते. त्यांच्या ग्रंथांत या रोगांची नावे नव्हती, मग उपचार कोठून असणार?

ही उणीव ज्याने प्रामाणिकपणे मान्य केली, तो वैद्य म्हणजे गार्सिया द ओर्ता. तो १५३४ साली गोव्यात आला आणि १५६८ साली येथेच निवर्तला. हिंदुस्थानातील वनस्पती व औषधिद्रव्ये यांविषयीचा त्याचा संवादरूप पोर्तुगीज ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. या ग्रंथातील एका संवादात मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य बोलताना दिसतो. पटकीच्या रोगाचे वर्णन करताना ओर्ताने येथील लोकांत रूढ असलेले त्या रोगाचे नाव दिले आहे. ते नाव दुसरेतिसरे कोणते नसून आपल्या 'मोडशी'चेच पोर्तुगीज कानांनी ऐकलेले रूप होय. त्या रोगावर येथील वैद्य मिरी व जिरे घातलेली तांदळाची पेज देतात, हेही त्याने नोंदवून ठेवले. जुलाब-वांत्यांनी शरीरातील पाणी आटत असता रोग्याला मिठाची पातळ पेज पाजावी, हे आपल्या घरातील आजीबाईंना ठाऊक होते. अशा रोग्याला मीठ-साखरेचे अथवा तांदळाच्या पेजेचे पाणी देण्याचे महत्त्व आधुनिक वैद्यकाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगांनी सिद्ध केले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्या काळी गोव्यातील हिंदू वैद्यांची प्रतिष्ठा केवढी होती, याची साक्ष एका परकीयाने दिली आहे. डच प्रवासी लिन्सखोतेन हा १५८३ पासून काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी चिटणीस होता. त्याने लिहून ठेवले आहे की, हे वैद्य केवळ आपल्या लोकांवर उपचार करीत नसत; खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि पाद्री यांचाही स्वदेशीय वैद्यांपेक्षा यांच्यावरच अधिक विश्वास असे. डोक्यावर छत्री धरवून रस्त्याने जाण्याचा मान सामान्य हिंदूला नसताना या वैद्यांना तो मिळत असे.

एकीकडे असा विश्वास असताना दुसरीकडे मात्र निर्बंध वाढत होते. १५६७ च्या धर्मसभेने ख्रिस्ती लोकांना हिंदू वैद्यांकडून उपचार करून घेण्यास मनाई केली. ज्या ओर्ताने येथील विद्येची आदराने नोंद केली, त्याचा मृतदेह १५८० साली धर्मन्यायालयाच्या आज्ञेवरून थडग्यातून उकरून जाळण्यात आला; तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळत होता, हा त्याच्यावरील आरोप होता. पुढे १६१८ साली गोव्याच्या नगरसभेने परीक्षेशिवाय कोणीही वैद्यकी करू नये असा नियम केला, आणि शहरातील हिंदू वैद्यांची संख्या तीसपर्यंत मर्यादित केली. परीक्षेची अट तत्त्वतः चुकीची म्हणता येणार नाही. परंतु परीक्षा घेणाऱ्यांनी ही विद्या शिकण्याची वा शिकविण्याची कोणतीच सोय केली नाही. तीस वैद्य आपापल्या घरी, आपापल्या पोथीसह, एकमेकांपासून अलग राहिले. त्यांची नावेही आज आपल्याला ठाऊक नाहीत.

याच सुमारास आपल्या कुळांवर ओढवलेल्या प्रसंगाची कथा प्रत्येक महाजन घराण्याला ज्ञात आहे. १५४० नंतर तिसवाडीतील व पुढे १५६० च्या दशकात बारदेश-साष्टीतील देवालये पाडली गेली. काही देवता अंत्रुज महालात आणल्या गेल्या. अनेक कुटुंबे मात्र समुद्रमार्गे दक्षिणेस कानडा मुलुखात आणि तेथून कोचीनपर्यंत गेली. कोचीनच्या राजांनी त्यांना आश्रय दिला. या कुटुंबांनी आपल्याबरोबर कोकणी भाषा आणि नागरी लिपी नेली; त्यांच्यातील वैद्यांनी आपल्या पोथ्याही नेल्या. गोव्यात जे घडू शकले नाही, ते या निर्वासितांच्या वंशजांच्या हातून शंभर वर्षांनी कोचीनला घडले.

डचांनी १६६३ साली पोर्तुगीजांकडून कोचीन घेतले, आणि १६७० मध्ये हेन्ड्रिक व्हान रीड हा मलबारचा डच अधिपती झाला. डच कंपनी आपल्या लोकांसाठी युरोपातून जी औषधे मागवी, त्यांतील कित्येक मुळात पूर्वेकडूनच तिकडे गेलेली असत आणि लांबच्या प्रवासात नासून परत येत. ही औषधे येथेच उगवतात, तर येथल्या जाणत्यांनाच त्यांविषयी का विचारू नये, असा व्यवहारी विचार व्हान रीडने केला. त्यातून 'होर्तुस मलाबारिकुस' म्हणजे 'मलबारचे उद्यान' हा बारा खंडांचा ग्रंथ निर्माण झाला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापलेल्या या ग्रंथात सुमारे ७४२ वनस्पतींचे सचित्र वर्णन आहे.

हे काम कोणा एका माणसाचे नव्हते. रानात जाऊन फुलाफळांसह वनस्पती आणणारे मजूर होते, त्यांची चित्रे काढणारे डच चित्रकार होते. मातेउस नावाचा एक कार्मेलाइट पाद्री होता, लॅटिन मजकूर लिहिणारा कासेआरियुस नावाचा प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होता, दुभाषे होते. वनस्पतींची ओळख, नावे आणि गुणधर्म सांगणारे चार प्रमुख जाणते होते. त्यांपैकी एक इट्टी अच्युतन हा मलबारातील एळव समाजातील कुलपरंपरागत वैद्य. आणि उरलेले तिघे रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे कोकणी ब्राह्मण. ब्राह्मण व एळव, कॅथलिक व प्रोटेस्टंट यांनी त्या काळी एका मेजाभोवती बसून एकेका पानाफुलाविषयी चर्चा करावी, ही गोष्ट साधी नव्हे. वैद्यांचे बोलणे आधी पोर्तुगीजमध्ये, मग डचमध्ये आणि अखेर लॅटिनमध्ये उतरत असे.

ग्रंथाच्या पहिल्या खंडात या तीन वैद्यांचे निवेदन २० एप्रिल १६७५ या तारखेचे असून ते नागरी अक्षरांत कोरून छापलेले आहे. आपण दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ हे काम केले आणि आपल्या ग्रंथांच्या आधारे वनस्पतींची नावे व गुण सांगितले, असा त्याचा आशय आहे. छापील पानावर उतरलेल्या कोकणी भाषेच्या अतिप्राचीन नमुन्यांत त्याची गणना होते. वनस्पतींच्या चित्रांवरही लॅटिन, मल्याळी व अरबी लिपींबरोबर नागरीत नावे दिलेली आहेत. घरच्या पोथीतील गुप्त कृती परक्या माणसापुढे उघड करताना या तिघांच्या मनात काय आले असेल, हे सांगता येत नाही. परंतु त्यांनी ती उघड केली, तिच्याखाली आपली नावे घातली, आणि म्हणूनच साडेतीनशे वर्षांनंतरही ती नावे आपल्याला उच्चारता येतात.

पुढील शतकात स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने हिंदुस्थानातील वनस्पतींचे वर्गीकरण करताना या ग्रंथाचा मोठा आधार घेतला. कोचीनच्या वैद्यांनी सांगितलेली माहिती अशा रीतीने जगाच्या शास्त्रात मिसळून गेली. पण या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. व्हान रीड १६७७ साली कोचीन सोडून गेला आणि तो मेळ मोडला. त्या ठिकाणी शाळा निघाली नाही. चर्चेची ती बैठक पुन्हा भरली नाही. ग्रंथ लॅटिनमध्ये होता आणि ॲम्स्टरडॅमला होता. रंगभटांच्या नातवाला तो वाचता येण्याचा संभव नव्हता. केरळातील वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातील अनेक वर्षे वेचून केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद केरळ विद्यापीठाने २००३ साली, आणि मल्याळी अनुवाद २००८ साली प्रसिद्ध केला. पहिल्या खंडापासून मोजले तर इंग्रजी अनुवादापर्यंत ३२५ वर्षे गेली. ज्यांनी ज्ञान दिले, त्यांच्या वंशजांकडे ते परत यायला एवढा काळ लागला.

कोचीनला सहकार्य होते, पण शिक्षणसंस्था नव्हती. गोव्यात नेमके उलटे घडले. साथीच्या रोगांनी जुने गोवे शहर ओस पडत गेले, आणि १८४३ साली पणजीला 'नोव्हा गोवा' या नावाने राजधानीचा दर्जा मिळाला. जुन्या शहरात १८०१ पासून वैद्यकाचा एक वर्ग चालत असे. परंतु खऱ्या अर्थाने संस्था उभी राहिली ती ५ नोव्हेंबर १८४२ रोजी, गव्हर्नर कोंद द आंतास यांच्या कारकिर्दीत. मुख्य वैद्याधिकारी मातेउस सेझारियु रुद्रीगिश मुआशु यांनी तिची घडी बसविली. ही 'एश्कोला मेदिकु-सिरुर्जिका' म्हणजे वैद्यक व शस्त्रक्रियेची शाळा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजहून तीन वर्षांनी जुनी आहे. वैद्यकाबरोबर औषधनिर्माणाचे शिक्षणही तेथे दिले जाई. गुरूने जे शिकविले ते वर्गातील सर्वांना सारखेच ठाऊक होई, त्याची परीक्षा होई, चुकले तर कोणीतरी दाखवून देई. घरच्या पोथीला हे साधले नव्हते.

या शाळेचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही, हेही नमूद केले पाहिजे. शिक्षण पोर्तुगीज भाषेतून असे, आणि हिंदू कुटुंबांतील मुले त्या भाषेकडे उशिरा वळली. पणजीचे लिसेव १८५४ साली निघाले; त्या वाटेने हळूहळू हिंदू विद्यार्थीही वैद्यकशाळेच्या पायऱ्या चढू लागले. शाळेतून उत्तीर्ण झालेल्यांना पोर्तुगालमधील पदवीधरांची बरोबरी मिळत नसे. लिस्बन, पोर्तू अथवा कोइंब्राला जाऊन पुन्हा परीक्षा दिल्याविना त्यांना तेथे व्यवसाय करता येत नसे. त्यांच्यातील अनेकांना मोझांबिक, अंगोला यांसारख्या आफ्रिकी वसाहतींत दुय्यम दर्जाच्या पदांवर पाठविले गेले. घरदार सोडून, तापाच्या मुलुखात, परक्या लोकांची सेवा करणाऱ्या त्या गोमंतकीय डॉक्टरांचे ऋण इतिहासाने अद्याप पुरतेपणी फेडलेले नाही. आणि वैद्यांना तर या शाळेत स्थानच नव्हते. त्यांच्या ज्ञानाची तपासणी झाली नाही, म्हणून त्यातले खरे-खोटेही निवडले गेले नाही.

शाळेबाहेरही लोकांनी आपल्या परीने संस्था उभ्या केल्या. १८६७ साली पाद्री आंतोनियु जुआंव द मिरांदा यांनी मडगावला निराधार रुग्णांसाठी सुरू केलेले 'ओस्पिसियु' पिढ्यान्‌पिढ्या साष्टीकरांचा आधार ठरले. गोव्याबाहेर गेलेल्यांनीही नाव काढले. पेडणे महालातील मांद्रे गावी १८२२ साली जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील एक. त्यांनी जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांचा अभ्यास केला आणि नव्या शास्त्राच्या पद्धतीने महारोगावर औषधांचे प्रयोग केले. जुनी पोथी आणि नवी प्रयोगशाळा यांची सांगड घालणारा हा गोमंतकपुत्र होता.

बारदेशातील हडफडे गावचे डॉ. आकासियु गाब्रिएल व्हिएगश यांचा दाखला तर अविस्मरणीय आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात लोक तापाने मरू लागले, तेव्हा ही ग्रंथिज्वराची म्हणजे प्लेगची साथ आहे हे त्यांनी ओळखले आणि महानगरपालिकेपुढे स्पष्टपणे सांगितले. व्यापाराला धक्का बसेल म्हणून ते ऐकणे पुष्कळांना रुचले नाही. परंतु निदान खरे ठरले. त्यानंतर हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. एका डॉक्टरचे निदान, नगरपालिकेची यंत्रणा, वैद्यक महाविद्यालयातील जागा आणि एका शास्त्रज्ञाचे धैर्य ही चारही जुळली, तेव्हा उपाय हाती आला. त्या छोट्या प्रयोगशाळेतूनच पुढे परळची हाफकिन संस्था उभी राहिली. डॉ. व्हिएगश १९०६ साली मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले.

गोव्यात हेच कार्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाणावलीचे डॉ. फ्रोइलानु द मेलु यांनी केले. सूक्ष्मजंतुशास्त्राचे अभ्यासक आणि वैद्यकशाळेचे संचालक असलेल्या या गृहस्थांनी हिवताप, क्षय व महारोग यांविरुद्ध एकाच वेळी मोहीम चालविली. मकाझन येथील महारोग्यांचे रुग्णालय १९३४ साली त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. ते पणजी नगरपालिकेचेही अध्यक्ष होते. त्यामुळे प्रयोगशाळेतला निष्कर्ष नगराच्या कारभारात उतरविणे त्यांना शक्य झाले.

आपल्या समाजाच्या दृष्टीने मात्र या मालिकेतील सर्वांत जवळचे नाव फोंड्याचे रामचंद्र पांडुरंग उर्फ दादा वैद्य यांचे होय. १८५९ ते १९४७ असे दीर्घायुष्य लाभलेला हा आयुर्वेदाचा चिकित्सक केवळ नाडीपरीक्षेवर संतुष्ट राहिला नाही. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना नागरिक म्हणून समान हक्क मिळाले. त्या संधीचा लाभ घेऊन दादांनी सीताराम केरकर आदी सहकाऱ्यांसमवेत १९११ साली फोंड्यास गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन केले. आल्मेदा हायस्कूल हे त्याचेच फळ. एका वैद्याने औषधालयाबरोबर शाळा काढावी, यातच आपल्या विषयाचे सार आले. विद्या घरात कोंडून ठेवली तर ती घरासारखीच जीर्ण होते, हे ज्याच्या घराण्यात वैद्यकी होती त्यालाच उमगले.

१९६१ च्या मुक्तीनंतर पणजीची वैद्यकशाळा १९६३ साली गोवा मेडिकल कॉलेज या नावाने मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली, गोवा विद्यापीठ निघाल्यावर त्याच्याकडे आली आणि १९९३ साली बांबोळीच्या पठारावर गेली. मांडवीकाठची तिची जुनी वास्तू २००४ पासून चित्रपट महोत्सवासाठी वापरली जाते. आयुर्वेदासाठी शिरोड्याला महाविद्यालय चालते, आणि पेडण्यातील धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. ज्यांना १६१८ साली तीस परवान्यांत कोंडले गेले, त्यांची विद्या आता विद्यालयात शिकविली जाते आणि रुग्णालयात तपासली जाते, ही समाधानाची गोष्ट होय. मांद्र्याच्या ज्या मातीत भाऊ दाजी जन्मले, त्याच पेडणे तालुक्यात हे केंद्र असावे, हाही एक योगायोगच.

तरीही एक काम उरले आहे, आणि ते सरकारने नव्हे, महाजन कुटुंबांनीच करावयाचे आहे. गोव्यातील, तशीच कारवार, मंगळूर व कोचीनकडील कुळाव्यांची अनेक घरे आज कुलूपबंद आहेत. जुन्या घराची वाटणी होते, वासे काढले जातात, आणि पेटाऱ्यातले कागद वाळवीच्या स्वाधीन होतात अथवा विहिरीत विसर्जित केले जातात. त्यांत मोडी, नागरी किंवा कानडी अक्षरांत लिहिलेली औषधांची एखादी वही असू शकेल. तीमधील प्रत्येक कृती गुणकारी असेल असे मुळीच नाही. काही निरुपयोगी असतील, पारा-सोमलाच्या काही तर अपायकारकही असतील. पण ते ठरविण्याचे काम वाळवीचे नाही, जाणत्यांचे आहे. ती वही कोणी उपचारासाठी वापरू नये; तिची नक्कल करून एखाद्या पुराभिलेखागारात अथवा आयुर्वेद महाविद्यालयात द्यावी आणि वहीवर लिहिणाऱ्याचे व गावाचे नाव अवश्य घालावे. कुळावी उत्सवासाठी कुलदेवतेच्या चरणी एकत्र येतात, त्या वेळी देवस्थानाच्या कचेरीत अशा वह्यांची एक यादी जरी सुरू झाली, तरी पुष्कळ होईल.

कोचीनच्या तीन वैद्यांनी १६७५ साली एका कागदावर आपली नावे लिहिली. गोव्याच्या तीस वैद्यांना तशी संधी कोणी दिली नाही. त्यांच्यापैकी कोणाची पोथी अद्याप कोणाच्या माळ्यावर असेल, तर तिला ती संधी देणे अजूनही आपल्या हाती आहे.